गप्प राहणारे लेकरू



१९६२ साली चांदा मिशन सुरू झाले, तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता. तो १९८२ साली झाला. केरळहून इथे आलेल्या अनेक फादरांसारखा मीही आलो, तेव्हा मला मराठी येत नव्हती. बाजारात मीठ मागायचे तरी हातवारे करायचो. लोक हसले, पण मला कोणी 'ढ' म्हटले नाही.

भामरागडकडचा एक माडिया मुलगा आमच्या वसतिगृहात आला. तीन आठवडे तो बोललाच नाही. 'याला काही येत नाही, घरी पाठवा,' असे मला सांगण्यात आले. त्याच्या भागात एकीकडे नक्षलवादी, दुसरीकडे पोलीस. अनोळखी माणसापुढे गप्प राहायला तो घरीच शिकला होता. शिवाय पर्लकोटेला पूर आला की वाट बंद. गेलेले लेकरू परत येईलच याचा भरवसा नसतो. मी त्याला ठेवून घेतले.

मग वरच्या वर्गातल्या मुलाने त्याला माडियात विचारले, आणि तो बोलू लागला. त्याला 'एर' माहीत होते, 'पाणी' हा शब्द माहीत नव्हता. आज तो मराठी वाचतो आणि माझे माडिया उच्चार सुधारतो.

प्रभूने लेकरांना जवळ घेतले, तेव्हा त्यांची परीक्षा घेतली नाही. यंदा माडिया बोलणाऱ्या एका ताईंचे मानधन उभे करायचे आहे. आपण हातभार लावा, प्रार्थनेत आठवण ठेवा.

देव आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.