गोडाचा हिशेब

एका एचआयव्ही उपचारकेंद्राच्या पाहणीस गेलो असता वजनकाट्यावरून उतरलेल्या गृहस्थांची पत्नी मोठ्या समाधानाने म्हणाली, “साहेब, दोन वर्षांत नऊ किलो भरले!” त्या समाधानामागे एक जुनी भीती होती. १९८०च्या दशकात युगांडातील लोक हा रोग कृशतेच्याच नावाने ओळखत. आपल्या देशात १९८६ साली मद्रासेत त्याचे प्रथम निदान झाले. पुढे खंगलेली काया हीच त्याची खूण ठरली. अशा रोग्याच्या ताटात साखरतूप वाढणे हा घरच्यांना मायेचा उपचार वाटला, तर त्यांना दोष कोण देईल?

परंतु १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून विनामूल्य औषधे मिळू लागली आणि चित्र पालटले. डोल्युटेग्राविर असलेली आजची गोळी विषाणूस उत्तम आवरते. मात्र तिने काहींचे वजन वाढते, क्वचित रक्तातील साखरही चढते. त्यातच भारतीय देह सडपातळ दिसूनही आत मेद बाळगतो, हे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखविले आहे. कृशतेतून सुटलेला माणूस मधुमेहाच्या दारी जाऊ नये, हा आता प्रश्न आहे.

यावर आपण ‘गोड कमी खा’ असा एकच उपदेश देशभर करतो. पण गोड सर्वत्र एकाच जागी नसते. गुजरातेत ते डाळीतच विरघळलेले असते; बंगालात जेवणाअखेर मिष्टी दोई होऊन येते; पंजाबात लस्सीच्या पेल्यात असते. मणिपुरात भात आणि आंबवलेल्या माशाची एरोंबा यांत साखर शोधून सापडत नाही. आपल्याकडे पुरणपोळीला बोल लावतात. ती वर्षातून चार वेळा होते, चहा मात्र दिवसातून चार वेळा. पेल्याला दोन चमचे धरले तरी आठ चमचे झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचविलेली अधिक हितावह मर्यादा सुमारे सहा चमच्यांची आहे.

म्हणून उपदेशाआधी प्रश्न विचारावा. त्या बाईंचा आनंद मोडवेना. गोळी एक दिवसही चुकवू नका, एवढे आधी सांगितले आणि मग विचारले, “घरी चहा किती वेळा होतो?” त्या बोटांवर मोजू लागल्या, आणि मोजता मोजता त्यांनाच हसू आले.