डोक्यावरची काळी रेघ



पावसाळ्यात, रत्नागिरीत,
पडवीतल्या दिव्यावर इवलेसे हिरवे किडे झेपावतात ना?
ते भातावरचे तुडतुडे.
आंब्याच्या मोहरावरचे वेगळे बरं का!

या हिरव्या तुडतुड्यांची प्रजाती नेफोटेटिक्स.
जपानपासून आफ्रिकेपर्यंत तिच्या जाती पसरल्या आहेत.
आपल्याकडे मुख्य दोन.

एक तुडतुडा भिंगाखाली धरा.
डोक्यावर, पुढच्या कडेलगत, काळी आडवी रेघ आहे?
मग तो निग्रोपिक्टस.
हा बांधावरच्या गवतावरही पोसतो.

रेघ नाही?
मग तो व्हिरेसेन्स.
याला भातच लागतो.
भात पिवळा पाडणारा टुंग्रो रोग पसरवण्यात हाच पुढे!

पंखांवरचे काळे ठिपके फसवतात.
कधी मोठे, कधी नसतातच.

म्हणून पुन्हा सांगते,
ठिपके नव्हे,
डोक्यावरची रेघ पाहा.