गाडीचा एअर फिल्टर आणि आमची डिझेलची वही

आज आम्ही गाडीच्या एअर फिल्टरबद्दल बोलणार आहोत. बचत गटातल्या बायकांना याचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. मागच्या वर्षापर्यंत आम्हालाही तसंच वाटत होतं.

आमचा गट मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या पट्ट्यातला. आम्ही बारा जणी कडक भाकरी आणि शेंगाचटणी करतो आणि आठवड्यातून दोनदा पंढरपूर, सोलापूरला पोचवतो. आमच्यातल्या एका ताईंनी गटाचं कर्ज घेऊन डिझेलची एक जुनी चारचाकी घेतली. गाडी त्या स्वतः चालवतात. मालाच्या फेरीचं डिझेल गट देतो आणि त्याची वही आम्ही ठेवतो.

मागच्या वर्षी मार्चच्या बैठकीत आम्ही वही वाचून दाखवली. दिवाळीत गाडी लिटरला १५ किलोमीटर जात होती, आता १२ वर आली होती. रस्ता तोच, फेऱ्या तेवढ्याच. कुणीतरी हळूच म्हणालं, "मग डिझेल जातंय कुठं?" कुणी नाव घेतलं नाही, पण सगळ्यांनी त्या ताईंकडेच पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. गाडीची चावी सतरंजीवर ठेवली आणि उठून गेल्या. त्या आठवड्यात फेरी झाली नाही. दोन पेट्या भाकरी घरीच राहिली.

शेवटी आम्ही दोघी-तिघी त्यांच्या घरी गेलो, त्यांना सोबत घेतलं आणि गाडी चौकातल्या मेस्त्रींकडे नेली. त्यांनी विचारलं, "धूर काळा येतो का? चढाला ओढत नाही ना?" ताई म्हणाल्या, "दोन महिने झाले, तसंच होतंय." मेस्त्रींनी बॉनेट उघडलं, एका काळ्या पेटीच्या क्लिपा काढल्या आणि आतली कागदी घड्यांची जाळी बाहेर काढून ओट्यावर आपटली. ओंजळभर माती आणि ज्वारीचा भुसा पडला. "शेवटचा कधी बदललाय?" या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. घेतल्यापासून गाडी २७ हजार किलोमीटर चालली होती आणि ती पेटी एकदाही उघडली नव्हती.

मैत्रिणींनो, चुलीचंच बघा. फुंकणीत कचरा अडकला की जळण असूनही चूल धुमसते आणि घरभर धूर होतो. इंजिनाचंही तसंच आहे. एक लिटर डिझेल नीट जळायला कमीत कमी दहा हजार लिटर हवा लागते. म्हणजे घरावरच्या हजार लिटरच्या टाक्या असतात ना, तशा दहा टाक्या भरून हवा. ती सगळी त्या कागदातून गाळून आत जाते. कागद तुंबला की हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळतं, धूर काळा येतो, ओढ कमी होते. आणि कागद फाटला तर त्याहून वाईट. मग धूळ थेट आत जाते आणि आतले भाग झिजवते. ते काम काढलं की खर्च हजारात जातो. आमच्या गाडीचा नवा फिल्टर साडेतीनशे रुपयांत आला.

मग तो बदलायचा कधी? गाडीच्या पुस्तिकेत आकडा दिलेला असतो. बऱ्याच गाड्यांना तो २० हजार ते ४० हजार किलोमीटरच्या दरम्यान असतो. पण तो चांगल्या रस्त्यासाठी असतो. धुळीत गाडी चालत असेल तर लवकर बदला, असंही त्याच पुस्तिकेत लिहिलेलं असतं. आपल्याकडे मुरमाचा रस्ता, वीटभट्ट्या, सुगीत मळणीचा भुसा. म्हणून आम्ही ठरवलं आहे की दर ५ हजार किलोमीटरला पेटी उघडून बघायची, सुगी संपली की एकदा जास्तीची बघायची आणि १५ हजारांच्या पुढे तोच फिल्टर ठेवायचा नाही.

बघायचं कसं, तेही सांगतो. गाडी बंद करून इंजिन गार होऊ द्या. पेटी उघडा आणि जाळी कशी बसवली आहे ते नीट पाहून ठेवा. जाळी बाहेर काढून उजेडासमोर धरा. घड्यांमधून उजेड दिसत नसेल, कागद फाटला, भिजला किंवा तेलकट झाला असेल, रबराची कड तुटली असेल, तर बदला. नुसती वरवर धूळ असेल तर हलक्या हाताने झटका. पेटी ओल्या फडक्याने पुसा, पण धूळ नळीकडे जाऊ देऊ नका. सगळ्या क्लिपा लागल्यात ना, हे शेवटी पुन्हा बघा.

तीन गोष्टी मात्र करू नका. कागदी फिल्टर साबणपाण्यात धुऊ नका, तो कपडा नाही. पंक्चरच्या दुकानात हवेचा जोरात झोत मारून घेऊ नका. वरून फिल्टर स्वच्छ दिसतो, पण कागदाला बारीक भोकं पडतात. आणि नवा मिळेपर्यंत चालेल म्हणून फिल्टर काढून गाडी चालवू नका.

आणखी एक. अलीकडच्या पेट्रोल गाड्यांत हवा कमी आली की इंधनही आपोआप कमी सोडलं जातं. त्यामुळे त्यांचं ॲव्हरेज फारसं घटत नाही, फक्त ओढ कमी होते. म्हणून नुसत्या ॲव्हरेजवर विसंबू नका.

फिल्टर बदलला, टायरमध्ये हवाही कमी होती ती भरली आणि महिनाभरात गाडी साडेचौदावर आली. पुढच्या बैठकीत आम्ही आधी माफी मागितली. आकडे आम्हीच वाचले होते, पण आकड्यामागचं कारण शोधायच्या आधी माणसाकडे बोट गेलं होतं. ताईंनी चावी उचलली आणि म्हणाल्या, "चावी घेते, पण वहीत एक रकाना वाढवा." आता डिझेलच्या शेजारी दोन रकाने आहेत: फिल्टर कधी पाहिला, कधी बदलला.

आपल्या पंचसूत्रीत नियमित नोंदी आहेत. आम्ही नोंदी ठेवत होतो, फक्त पैशांच्या. तुमच्या गटात, घरात, नात्यात कुणाची चारचाकी असेल, तर आज एवढंच विचारा: "फिल्टर शेवटचा कधी पाहिला?" उत्तर मिळालं नाही, तर उद्या सकाळी पेटी उघडा.