हरवलेलें पार्सल कोणाचें?

सावंतवाडीस बसून गंजिफा रंगविणारी एखादी स्त्री डोळ्यांपुढें आणावी. दशावतारी गंजिफांचा संच म्हणजे १२० वाटोळीं पानें. दहा अवतारांचे दहा गट आणि प्रत्येक गटांत बारा पानें. एकेक पान हातानें रंगवावयाचें, म्हणजे एका संचांत कित्येक दिवसांचे श्रम गुंतलेले असतात. अशा मालास पूर्वीं गिऱ्हाईक मिळावयाचें तर प्रदर्शनाची वाट पाहावी लागे. आतां तिच्या हातांतील फोनवर साऱ्या जगाचा बाजार भरलेला असतो. समजा, जर्मनींतील एका मराठी गृहस्थानें संच पसंत केला, पैसे भरले, तिनें पार्सल बांधून टपालांत दिलें, आणि महिन्याभरानें तीन शब्दांचा निरोप आला : "पार्सल मिळालें नाहीं."

हे शब्द वाचतांच विक्रेत्याच्या मनांत बहुधा दोन विचार येतात. एक, गिऱ्हाईक खोटें बोलत असावें. दुसरा, टपालवाल्यांनीं घोटाळा केला, त्यास आपण काय करणार? दोन्ही विचार स्वाभाविक आहेत, परंतु त्यांनीं काम एक पाऊलही पुढें सरकत नाहीं. अशा वेळीं विचारावयाचे प्रश्न तीन. पार्सल या क्षणीं कोणाच्या मालकीचें आहे? तें आहे कोठें? आणि तें सांपडलेंच नाहीं तर नुकसान कोणीं सोसावयाचें?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर सर्वांत सोपें, आणि तेंच पुष्कळांना ठाऊक नसतें. १८७४ सालीं बर्न शहरीं निरनिराळ्या राष्ट्रांनीं करार करून जागतिक टपाल संघ स्थापिला; भारत १८७६ पासून त्याचा सभासद आहे. या संघाच्या करारांतील एक मूलभूत नियम असा कीं, टपालांत दिलेली वस्तु योग्य माणसाच्या हातीं पडेपर्यंत पाठविणाराचीच राहते. सरकारी जप्तीसारखे अपवाद या नियमास आहेत. गिऱ्हाइकानें पैसे चुकते केलेले असले तरी टपालखात्याच्या दृष्टीनें तो संच अद्याप सावंतवाडीच्या स्त्रीचाच आहे. म्हणून चौकशीचा अर्ज तिनेंच, ज्या कचेरींत पार्सल दिलें तेथें, करावयाचा. "तुमच्या गांवच्या पोस्टांत जाऊन विचारा," असें गिऱ्हाइकास लिहून मोकळें होणें म्हणजे आपली चुकलेली गाय शेजाऱ्यास शोधावयास लावणें होय.

आतां पार्सल कोठें आहे तें पाहावयाचें. त्यावर चिकटविलेला क्रमांक तेरा स्थानांचा असतो. आरंभीं सेवेचा प्रकार दाखविणारीं दोन रोमन अक्षरें, मग आठ आंकडे, नववा आंकडा पडताळ्याचा, आणि शेवटीं देशाचीं दोन अक्षरें. भारताचीं अक्षरें 'आयएन'. पडताळ्याची रीत शाळेंतील मुलासही जमेल. आठ आंकड्यांना अनुक्रमें ८, ६, ४, २, ३, ५, ९ व ७ यांनीं गुणावें, गुणाकारांची बेरीज ११ नें भागावी आणि बाकी ११ मधून वजा करावी. उत्तर १० आलें तर ० व ११ आलें तर ५ धरतात. १२३४५६७८ या क्रमांकाची बेरीज २०४ होते, बाकी ६ उरते, म्हणून पडताळ्याचा आंकडा ५. क्रमांक उतरवून घेतांना एखादा आंकडा चुकला तर या हिशेबानें चूक बहुधा ताबडतोब पकडतां येते. "पार्सल यंत्रावर दिसतच नाहीं" या तक्रारीचें मूळ कधीं कधीं एवढ्याशा चुकींत असतें.

क्रमांक बरोबर असेल तर शेवटची नोंद कोठली आहे तें पाहावें. पार्सल भारतांतून निघालें आणि पुढें कांहीं दिवस नोंद नाहीं, एवढ्यावरून तें हरवलें असें समजूं नये. प्रवासांत असलेल्या पार्सलाची नोंद पुढच्या मुक्कामींच होते. आंतरराष्ट्रीय टपालाचा मोठा भाग प्रवासी विमानांच्या पोटांतून जातो. मार्च २०२० मध्यें महामारीमुळें हीं विमानें बंद पडलीं, तेव्हां जगभर असंख्य पार्सलें जागच्या जागीं अडकून राहिलीं; हरवलीं म्हणून ज्यांची आशा सोडली होती त्यांपैकीं पुष्कळ पुढें मुक्कामास पोंचलीं.

परदेशांत उतरल्यावर पहिला थांबा जकातीचा. युरोपीय संघानें १ जुलै २०२१ पासून २२ युरोपर्यंतच्या मालास असलेली करमाफी रद्द केली, त्यामुळें स्वस्त वस्तूवरही कर देय होतो. गिऱ्हाइकास याची कल्पना नसली म्हणजे तें सूचनेच्या चिठ्ठीकडे दुर्लक्ष करतें, आणि पार्सल ठराविक मुदतीनंतर परतीच्या वाटेस लागतें. दुसरें कारण पत्त्याचें. जर्मनींत पत्त्यावर बहुधा खोलीचा क्रमांक नसतो. टपालवाला दारावरच्या घंटीवरील आणि टपालपेटीवरील नांव पाहतो. एखादा मराठी विद्यार्थी दुसऱ्याच्या घरीं भाड्यानें राहत असेल आणि घंटीवर घरमालकाचेंच नांव असेल, तर पूर्ण पत्ता लिहिलेलें पार्सलही 'इसम सांपडत नाहीं' अशा शेऱ्यासह परत फिरतें. शिवाय घरीं कोणी नसल्यास पार्सल शेजाऱ्याकडे ठेवण्याचीही तिकडे चाल आहे. म्हणून गिऱ्हाइकास संशयाचे नव्हे, तर कामाचे प्रश्न विचारावे : घंटीवर नांव कोणाचें आहे? पेटींत एखादी चिठ्ठी पडली होती काय? शेजारीं विचारलें काय?

एवढें करूनही पत्ता लागला नाहीं तर तिसरा प्रश्न उभा राहतो, आणि खरी अडचण येथेंच आहे. विक्रेत्यासमोर दोन घड्याळें चालूं असतात. एक बाजारपेठेचें. ईबेसारख्या ऑनलाइन बाजारपेठेंत अपेक्षित तारखेनंतर ३० दिवसांपर्यंत गिऱ्हाइकास तक्रार नोंदवितां येते, आणि तिचा निकाल लावण्यास विक्रेत्यास कामाचे ३ दिवस मिळतात. पैसे पेपॅलमार्फत दिले असतील तर तक्रारीची मुदत पैसे भरल्यापासून १८० दिवस. दुसरें घड्याळ टपालाचें. पार्सल दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आंत चौकशी मागतां येते, परंतु दोन देशांच्या कचेऱ्यांचा पत्रव्यवहार होऊन उत्तर यावयास आठवड्यांमागून आठवडे जातात. म्हणजे पैसे परत करण्याची वेळ दिवसांत येते, आणि भरपाई मिळालीच तर ती महिन्यांनीं. मधल्या काळाचा भार विक्रेत्याच्या भांडवलावर पडतो. हा भार गिऱ्हाइकावर ढकलणें न्यायाचें नाहीं, कारण माल अजून विक्रेत्याचा आहे. आणि टपालखातें तो तत्काळ उचलील ही अपेक्षाही व्यर्थ आहे.

भरपाईलाही मर्यादा असतात. साध्या, नोंद न केलेल्या टपालाबद्दल कांहीं मिळत नाहीं. नोंदणी केलेल्या वस्तूस अगर पार्सलास कराराप्रमाणें ठरलेली मर्यादा आहे. बुडालेला नफा किंवा झालेला मनस्ताप तीत धरला जात नाहीं. जेथें विम्याची सोय असेल तेथें मोलाच्या वस्तूचा विमा उतरविणें हाच मार्ग.

येथें एका मोहाविषयीं सांगणें अवश्य आहे. कर वांचावा म्हणून कांहीं गिऱ्हाइकें विनंती करतात कीं, जकातीच्या पत्रकावर 'भेटवस्तु' असें लिहा आणि किंमत कमी दाखवा. आठ हजारांच्या संचावर पांचशें रुपये लिहिले आणि पार्सल गहाळ झालें, तर भरपाई मागतांना विक्रेत्याची स्वतःची सहीच त्याच्या विरुद्ध साक्ष देते. खोट्या पत्रकामुळें माल जप्त झाला तर टपालखातें जबाबदारी घेत नाहीं. ज्या दिवशीं कागदाची सर्वांत अधिक गरज पडते त्या दिवशीं तो खरा असला पाहिजे.

तेव्हां शहाण्या विक्रेत्याचें अर्धें काम पार्सल हरवण्यापूर्वींच झालेलें असतें. पावती, वजन आणि बांधलेल्या पार्सलाचें छायाचित्र जपून ठेवावें. पार्सलाच्या आंतही पत्त्याची एक प्रत घालावी. पोंच न झाल्यास पार्सल परत करावें कीं सोडून द्यावें, तो रकाना रिकामा ठेवूं नये. वहींत प्रत्येक पार्सलाचा शेवट टिपावा. पन्नासांत एक गहाळ होतें असें वहीवरून आढळलें, तर प्रत्येक संचाच्या सुमारें पन्नासाव्या हिश्श्याइतकी रक्कम किंमतींत धरून बाजूस ठेवावी. मग एक पार्सल बुडालें तरी घरचा खर्च अडत नाहीं, आणि गिऱ्हाइकाशीं बोलतांना आवाज चढत नाहीं.

सावंतवाडीच्या त्या स्त्रीनें त्याच दिवशीं धाडावयाचें उत्तर चार ओळींचें असावें : पार्सल अमुक तारखेस दिलें, क्रमांक हा, शेवटची नोंद अमुक ठिकाणची, येथील कचेरींत चौकशी मागितली आहे, अमुक तारखेपर्यंत पत्ता न लागल्यास पैसे परत करीन किंवा दुसरा संच पाठवीन, आणि पैसे परत केल्यावर पार्सल मिळालें तर कृपया कळवावें. यांत कोणावर आरोप नाहीं आणि पोकळ आश्वासनही नाहीं. दूरदेशींच्या त्या गृहस्थानें तिला कधीं पाहिलेलें नाहीं, तिनेंही त्याला पाहिलेलें नाहीं. पार्सल हातीं पडेपर्यंत त्या दोघांमध्यें हें चार ओळींचें पत्र तेवढें असतें. तें लिहिलेल्या तारखेस खरें ठरलें म्हणजे झालें.