समुद्रातील गोंगाट



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. प्रवरा, मुळा, सीना या आपल्या नद्याही कोकणाकडे पाठ फिरवून पूर्वेला वाहतात. मग देवमाशांच्या कानांची काळजी आपण नगरकरांनी का करावी? मी भौतिकशास्त्राचा शिक्षक आहे. ध्वनीचा धडा शिकवताना समुद्राचा विषय निघाला, की मुले मला हाच प्रश्न विचारतात. त्याचे उत्तर मी ओघात देईन. आधी थोडे विज्ञान पाहू, आणि त्यासाठी आपली विहीर पुरेशी आहे.

विहिरीत पोहायला शिकलेल्या अनेकांनी हा खेळ खेळला असेल. एकाने बुडी मारायची आणि दुसऱ्याने पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटायचे. आवाज अगदी कानाशी झाल्यासारखा वाटतो; पण तो कोणत्या बाजूने आला, हे सांगता येत नाही. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर पाण्यात सुमारे दीड हजार मीटर. त्यामुळे तो दोन्ही कानांवर जवळजवळ एकाच क्षणी पोचतो आणि आपण गोंधळतो.

देवमासे आणि डॉल्फिन मात्र गोंधळत नाहीत. नावात मासा असला तरी देवमासा मासा नव्हे. हे दोघेही फुप्फुसांनी श्वास घेणारे, पिलांना दूध पाजणारे सस्तन प्राणी आहेत. समुद्रात दोनशे मीटरांखाली उजेड जवळजवळ नसतोच. ध्वनी मात्र शेकडो किलोमीटर जाऊ शकतो. म्हणून त्यांच्याकडे डोळ्यांचे बरेचसे काम कान करतात. डॉल्फिन टकटक असे बारीक आवाज सोडतो. भक्ष्यावर आदळून आलेला प्रतिध्वनी त्याच्या खालच्या जबड्यातील चरबीतून कानापर्यंत जातो. निळ्या देवमाशासारखे प्रचंड प्राणी अतिशय खर्जातल्या आवाजात दूरवर साद घालतात.

नेमक्या याच खर्जात आता आपली जहाजे बोलू लागली आहेत. जहाजाचा पंखा वेगाने फिरतो तेव्हा त्याच्या पात्यांवर असंख्य बुडबुडे तयार होऊन फुटतात. त्यांचा आवाज आणि इंजिनाची घरघर मिळून हा गोंगाट होतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे एकाच ठिकाणी १९६०च्या दशकात आणि पुन्हा २००३-०४ मध्ये मोजणी झाली, तेव्हा हा गोंगाट १० ते १२ डेसिबलने वाढलेला आढळला. १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट!

गणपतीच्या मिरवणुकीत डीजेजवळ उभे राहून शेजाऱ्याशी बोलून पाहा. आपण आपोआप ओरडू लागतो आणि शेवटी बोलणेच सोडतो. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरील समुद्रात ऑर्का या मोठ्या डॉल्फिनांचा अभ्यास झाला. तिथे गोंगाट एक डेसिबलने वाढला, की त्यांची हाकही साधारण एक डेसिबलने चढत होती. पण ओरडण्यालाही मर्यादा असते. मिरवणूक रात्री संपते. समुद्रातली जहाजांची वर्दळ थांबत नाही.

कधी कधी हा आवाज जिवावर बेततो. मार्च २००० मध्ये बहामा बेटांवर सतरा देवमासे व डॉल्फिन किनाऱ्याला लागले आणि त्यांतले काही मेले. युद्धनौकांच्या सोनार यंत्रांचा आवाज हेच त्याचे सर्वांत संभाव्य कारण, असे अमेरिकी नौदलाच्या सहभागाने झालेल्या चौकशीत पुढे आले.

आपल्या देशातही याचा अभ्यास झाला आहे. गंगेतील डॉल्फिन जवळजवळ आंधळा असतो आणि सर्वस्वी कानांवर जगतो. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचराचा मान मिळाला. मयूख डे, नचिकेत केळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, नदी उथळ झालेली असताना बोटींचा गोंगाट वाढला, की या डॉल्फिनांच्या शरीरावरचा ताण वाढतो. गोव्याच्या किनाऱ्यालगत पाण्याखालील मायक्रोफोनांनी हंपबॅक देवमाशांचे गाणे टिपले आहे. अरबी समुद्रातले हे देवमासे इतर हंपबॅकप्रमाणे ध्रुवाकडे स्थलांतर करत नाहीत. ओमानच्या किनाऱ्याजवळ ते शंभराहूनही कमी असावेत, असा अंदाज आहे. इतक्या विशाल समुद्रात इतक्या थोड्यांनी एकमेकांना शोधायचे, तर ऐकू येणे किती गरजेचे!

आता मुलांच्या प्रश्नाचे उत्तर. आपल्या जिल्ह्यातला कांदा आणि साखर परदेशी निघते, ती बहुधा १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरातून. आपले खाद्यतेल आणि डिझेलसाठीचे कच्चे तेलही जहाजांनीच येते. त्या गोंगाटात आपलाही वाटा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराचीही पायाभरणी झाली. म्हणजे वर्दळ वाढणारच.

जहाजे बंद करा, असे मी म्हणत नाही. कांदा पिकवणाऱ्यांच्या जिल्ह्यात ते शोभणारही नाही. पण उपाय आहेत. वेग थोडा कमी केला, की बहुतेक जहाजांचा आवाज बराच घटतो. पंख्याची पाती स्वच्छ ठेवणे, त्यांची घडण सुधारणे, समुद्रात खांब ठोकताना भोवती बुडबुड्यांचा पडदा सोडणे, हेही जमते. कॅनडातील व्हँकुव्हर बंदराने २०१७ पासून शांत जहाजांना शुल्कात सवलत दिली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २०१४ मध्ये आली, २०२३ मध्ये सुधारली गेली. मात्र ती ऐच्छिक आहेत.

आपल्यालाही काही करता येईल. सुटीत आपण तारकर्ली, देवबाग, दापोलीला डॉल्फिन पाहायला जातो. 'भाऊ, आणखी जवळ घ्या' असा आग्रह नावाड्याला करू नये. उलट इंजिन मंद ठेवायला आणि पाठलाग न करायला सांगावे. डॉल्फिन थोडे दूर दिसतील, पण त्यांना त्यांचे भक्ष्य सापडेल.

आणि एक दिलासा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर काही दिवस कॅनडाच्या फंडी उपसागरात जहाजांची वर्दळ रोडावली. गोंगाट ६ डेसिबलने उतरला आणि तिथल्या देवमाशांच्या विष्ठेत ताण दाखवणारी संप्रेरके कमी आढळली. प्लास्टिक समुद्रात पडले, की पिढ्यानपिढ्या राहते. आवाज मात्र थांबवला त्या क्षणी नाहीसा होतो. मागे काही साफ करायचे उरत नाही. इतके सोपे प्रदूषण दुसरे नसेल. ते कमी करायला आपण उशीर का लावावा?