दोष कोणाचा, हा प्रश्नच सोडूया

दिल्लीजवळ स्थायिक झालेला मी एक निवृत्त फौजी. आज बोलायचंय ऑटिझमविषयी, म्हणजे स्वमग्न मुलांविषयी.

फौजी घराची दर दोन-तीन वर्षांनी बदली. नवं घर, नवी शाळा, नवे आवाज. स्वमग्न मुलाला हे फार जड जातं. ते किंचाळतं, डोकं आपटतं. लोक म्हणतात, आईनं वळण लावलं नाही. कुणी मागच्या जन्मीचं पाप काढतं.

हा आरोप एके काळी शास्त्राच्या नावानेही झाला. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझमचं वर्णन केलं. पुढे कित्येक वर्षं आईच्या 'थंडपणा'कडे बोट दाखवलं गेलं. अमेरिकी नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड अशाच एका मुलाचे वडील. मूळ शरीरात आहे, आईच्या मायेत नाही, हे त्यांनी १९६४ साली पुस्तक लिहून मांडलं. पुढच्या संशोधनानं त्याला दुजोरा दिला.

आमच्या पलटणीत सर्वधर्म स्थळ असायचं, त्यामुळे बायबल मला परकं नाही. योहानाच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, एका जन्मांधाविषयी शिष्य विचारतात : पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. मार्कच्या दहाव्या अध्यायात तो आंधळ्या बार्तीमयालाच विचारतो, तुझ्यासाठी मी काय करू?

वर्तनतज्ज्ञ नेमकं हेच करतो. तीन रकाने मांडतो : आधी काय घडलं, मुलानं काय केलं, त्यातून त्याला काय मिळालं. मिक्सर लागला, मूल किंचाळलं, मिक्सर बंद झाला. म्हणजे किंचाळणं ही विनंती होती! मग त्याला 'आवाज नको' सांगणारं चित्राचं कार्ड द्यायला शिकवायचं. फौजेतही आधी टेहळणी, मग हालचाल.

पण गल्लत नको. प्रार्थनेनं ऑटिझम जात नाही. तो रोग नाही आणि भूतबाधा तर नाहीच. प्रार्थना पालकाला धीर देते, शास्त्र रस्ता दाखवतं. दिल्लीत मेरी बरुआ या आईनं १९९१ साली 'ॲक्शन फॉर ऑटिझम' उभी केली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमची स्वतंत्र नोंद आहे. ते हक्क मागून घ्या.

आणि शेजारच्या घरातून किंचाळणं ऐकू आलं, तर त्या आईला एवढंच विचारा : मी काय करू?

जय हिंद.