उसातला भेक आणि ठिपक्यांचा क्वॉल



उसाला हुमणी लागली म्हणजे काय होते, हे आपल्याला सांगायला नको. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतातही अशाच अळ्या उसाच्या मुळ्या कुरतडीत. त्यांच्या बंदोबस्तासाठी १९३५ साली हवाई बेटांवरून सुमारे शंभर मोठे भेक आणले आणि त्यांची पैदास मळ्यांत सोडली. पण भुंगेरा वर पानांत, अळी खाली मातीत, आणि भेक मधल्यामध्ये बसलेला! कीड हटली नाही. भेक मात्र वाढत वाढत पश्चिमेकडे पसरले.

या भेकाच्या खांद्यांवर विषाच्या ग्रंथी असतात. तेथल्या जनावरांना त्या विषाची ओळख कोठून असणार? उत्तरेकडे क्वॉल नावाचा मांसाहारी प्राणी आहे. मांजराहून लहान, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके. कांगारूप्रमाणेच त्याची मादी अपुऱ्या दिवसांची पिले पोटाशी वाढवते. किडे, सरडे, बेडूक हे त्याचे भक्ष्य. तो भेकाला तोंड घालतो आणि मरतो. त्यातून नर बहुधा विणीचा एकच हंगाम जगतात; एक वर्ष बुडाले तर ते भरून काढणार कोण? भेक पोचले तेथून क्वॉल झपाट्याने नाहीसे झाले. मोकाट मांजरे आणि वणवे यांचा जाच होताच.

त्यांना वाचवणारेही पुढे आले. २००३ साली ॲस्टेल आणि पोबासू या भेक नसलेल्या बेटांवर काही क्वॉल नेऊन सोडले. तेथे ते चांगले फोफावले. दुसरीकडे संशोधकांनी मळमळीचे औषध घातलेला मेलेला भेक क्वॉलांना खाऊ घातला. एकदा पोट ढवळले की पुष्कळ क्वॉल पुन्हा भेकाच्या वाटेस जात नाहीत, असे दिसून आले.

२०१६ साली बेटावरचे काही क्वॉल असे शिकवून काकाडूच्या अरण्यात सोडले. तेथे डिंगो कुत्र्यांनी त्यांतील अनेकांचा फडशा पाडला. बेटावर शत्रूच नव्हता; तेरा पिढ्यांत सावधपणा विसरला गेला होता.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. निर्णय एकाने घ्यावा आणि तो दुसऱ्याने भोगावा, हे आमच्या नित्य पाहण्यातले. नुसत्या आडोशाने कोणी टिकत नाही, हेही आम्ही अनुभवाने शिकलो. म्हणून एवढेच मागणे: उद्या तुमच्या शिवारात कोणी परका जीव उपाय म्हणून घेऊन आला, तर तो काय खाईल एवढेच विचारू नका, त्याला कोण खाईल, हेही विचारा.